तीस पावलांवरचे पांढरे दगड

माझा मोठा भाऊ पक्षी मोजायचा. नोकरीच तशी होती. वाळवंटाच्या कडेला आमचं केंद्र होतं: पाच खोल्या, पाण्याची टाकी, दोन जीप आणि मागे आमच्यासारख्यांना राहायला खोल्यांची रांग. दादा तिथला मोजणीदार आणि मी नोंदी ठेवणारी कारकून. माझा संसार दोन वर्षांत आटोपला तेव्हा मला हाताला धरून इथं आणणारा तोच. तेव्हाच्या साहेबांना म्हणाला, हिचं अक्षर चांगलं आहे आणि तोंड वाईट आहे, दोन्ही कामाला येतील. आणि आली की, सत्तावीस वर्षं आली.

सुरुवातीला मी त्याची यथेच्छ चेष्टा केली. म्हटलं, माणसांची शिरगणती धड होत नाही आणि तू निघालास पाखरांची करायला. त्यावर तो चिडायचा नाही. त्याला चिडताच येत नव्हतं, आमच्या घरातला तो सगळा कोटा माझ्याकडे आला होता. तो मला समोर बसवायचा आणि कागदावर रेघ काढून समजावायचा. ही बारा किलोमीटरची सरळ रेघ. हिच्यावरून पहाटे चालत जायचं, दोन्ही बाजूंना बघायचं, पक्षी दिसला की तो रेघेपासून किती लांब आहे ते लिहायचं. जवळचे बहुतेक दिसतात, लांबचे निसटतात. किती निसटले असतील त्याचा हिशेब या अंतरांवरून निघतो. म्हणजे न दिसलेलेही मोजायचे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, खरी मोजणी त्यांचीच.

पक्षी माळढोकाच्या जातीतला. रंग वाळूचा, मान लांब, उडण्याचा कंटाळा आणि चालण्याची हौस. मादी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर एखादं, फार तर दोन अंडी घालते आणि त्यावर अशी बसते की अंगावर पाय पडेपर्यंत हलायची नाही. दादा तिच्या पावलांवरून तिला शोधायचा. कालची पावलं कुठली, आजची कुठली, ही रिकामी फिरतेय की अंड्यांवर परततेय, सगळं त्याला वाळूत वाचता यायचं. म्हणून केंद्रात त्याला पाऊलमास्तर म्हणत.

एका वर्षी केंद्राची जीप अंड्यांवर बसलेल्या मादीवरून गेली. गाडीत दादाच होता, ड्रायव्हरच्या शेजारी. ती शेवटपर्यंत उठली नाही, कारण न उठणं हेच तिला येत होतं. दादा दोन दिवस जेवला नाही. वहिनीनं ताट पुढं करायचं आणि त्यानं मागं सारायचं. तिसऱ्या दिवशी उठला, मुठीएवढे दगड गोळा केले, पांढऱ्या रंगाच्या डब्यात बुडवले आणि ठरवलं की यापुढे सापडलेल्या प्रत्येक घरट्यापासून बरोबर तीस पावलांवर, उगवतीच्या बाजूला, असे तीन दगड ठेवायचे. एकोणतीस नाही आणि एकतीस नाही. ड्रायव्हरला लांबून पांढरं दिसलं की त्यानं मावळतीकडे वळायचंच नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे एकही घरटं गाडीखाली आलं नाही. वरच्या ऑफिसनं त्याच्या पद्धतीचं छोटं पुस्तक छापून आमच्यासारख्याच आणखी तीन केंद्रांना पाठवलं. पुस्तकावर त्याचं नाव होतं. वहिनीनं ते कपाटात, चांगल्या साड्यांच्या घडीत ठेवलं. मी म्हटलं, दगड ठेवायला काय अक्कल लागते? पण मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पुढं अकरा वर्षांनी वाळवंटाच्या पूर्व भागातून विजेच्या तारा गेल्या. खांब आले तसे खांबांवर डोमकावळे आले. नेहमीच्या कावळ्याच्या दीडपट, काळेकुट्ट, चोच अशी की पत्रा फोडतील. आणि आमचे पक्षी कमी व्हायला लागले, पण इतके हळू की कोणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. हा पक्षी वीस-वीस वर्षं जगतो. दर वर्षी मोजायला गेलं की म्हातारे नर-माद्या हजर असतात, आकडा थोडासाच घसरतो, साहेब म्हणतात ठीक आहे. एखाद्या गावात घरं भरलेली दिसावीत पण शाळेत एकही पोर नसावं, तशी गत. दादाला ते कळत होतं. तो खोकडांना दोष द्यायचा, भटक्या कुत्र्यांना द्यायचा, न पडलेल्या पावसाला द्यायचा. एकशे चाळीसाचे अडतीस झाले तोवर त्याचे स्वतःचेही केस गेले होते.

मग कॉम्प्युटर आला. बावीस वर्षांची रजिस्टरं त्यात चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. थंडीचे दिवस होते, मी बोटं चोळत एकेक घरटं टाइप करत होते. सापडल्याची तारीख, जागा, दगड ठेवले की नाही, अंडी किती, पुढं काय झालं. 'दगड नाहीत' असं फक्त पश्चिमेकडच्या घरट्यांपुढे यायचं, कारण तो भाग खडकाळ, तिकडे जीप जातच नाही. दादा ती घरटी लांबूनच दुर्बिणीतून बघायचा. टाइप करता करता मला खटकायला लागलं. मी काही शिकलेली शास्त्रज्ञ नाही, पण 'दगड ठेवले' आणि 'रिकामं' हे एकापुढं एक शंभरदा टाइप केलं की गाढवालाही काही तरी कळतं. मी तक्ता केला. तारा आल्यानंतरची दगडवाली घरटी चव्वेचाळीस, त्यातल्या पाचांत पिल्लं निघाली. बिनदगडाची एकोणीस, त्यातल्या दहांत निघाली. तक्ता छापला. बराच वेळ बघत बसले. मग टेबलाच्या खणात, सगळ्यात खाली ठेवून दिला.

का ठेवला, ते सांगते. वहिनीला जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. दादा आंघोळ कर म्हटलं की करत होता, जेव म्हटलं की जेवत होता, आणि कोणी काहीच म्हटलं नाही तर खिडकीशी बसून राहत होता. फक्त पहाटे आपण होऊन उठायचा, कारण रेघेवर जायचं असायचं. त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. त्याला कुठल्या तोंडानं सांगू की बाबा, तू ज्यांना जपलंस त्यांचा पत्ता तूच डोमकावळ्यांना दाखवत होतास? मी मनाशी म्हटलं, हा हंगाम जाऊ दे. जरा सावरू दे. एका हंगामानं काय आभाळ कोसळणार आहे? माणूस स्वतःला किती सहज गंडवतं.

त्या हंगामात सहा घरटी सापडली, सगळी पूर्वेला. मी आपली अर्धवट चलाखी केली, पांढरा रंग संपलाय, वरून येईपर्यंत दगड राहू देत म्हणाले. त्यानं तालुक्याच्या दुकानातून स्वतः रंग आणला. सहाही ठिकाणी तीस पावलं मोजून दगड ठेवले. सहाही घरटी गेली. प्रत्येक वेळी तो येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहायचा, टोपी हातात घेऊन, आणि सांगायचा, लिही, रिकामं. मी लिहायची. सहाव्या वेळी त्यानं विचारलं, चिमणे, माझं काही चुकतंय का गं? आणि मी, जिच्या तोंडाला आख्खं केंद्र टरकून असायचं ती मी, म्हणाले, तुझं काय चुकणार, दैवच फिरलंय.

वर्ष तसंच गेलं. पुन्हा थंडी आली, तो पुन्हा दगड रंगवायला बसला. अंगणात ओळीनं वाळत घातलेले ते दगड मला बघवेनात. आत गेले, खण उघडला आणि तक्ता नेऊन त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला, वाचला, पुन्हा वाचला. हाताला पांढरा रंग होता तो कागदाला लागला. मला वाटलं मटकन खाली बसेल. पण तो म्हणाला, यानं सिद्ध होत नाही. पश्चिमेला खांब नाहीत, म्हणजे डोमकावळेच कमी. फरक दगडांमुळे की कावळ्यांमुळे, ते कसं कळणार? तपासावं लागेल.

आणि त्यानं तपासलं. अंड्यांचा हंगाम यायच्या आत पूर्व भागातच कोंबडीची अंडी चहाच्या पाण्यानं मळकट करून वीस ठिकाणी मांडली. दहांना दगड, दहांना नाही. कुठं दगड आणि कुठं नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, स्वतःच्या मनाचा कौल नको म्हणून. मग झुडपाआड पोतं ओढून बसला. हट्टानं मीही गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक डोमकावळा खांबावरून उतरला. दगडांवर बसला. जरा इकडंतिकडं पाहिलं, मग जमिनीवर उतरून मावळतीच्या दिशेनं चालायला लागला. उडत नव्हता, चालत होता. आमच्या ड्रायव्हरांना जिकडे वळायची मनाई होती, नेमका तिकडेच तो वळला होता. सरळ अंड्यापाशी गेला आणि फोडलं.

दादा ओठ हलवत होता. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. तो कावळ्याची पावलं मोजत होता.

तीन दिवसांत दगडवाल्या दहांतली नऊ गेली. बाकीच्या दहांतली दोन. दादानं दोन्ही आकडे वहीत लिहिले, सही केली, तारीख घातली. मग जीप घेऊन सगळा पूर्व भाग पालथा घातला आणि वर्षानुवर्षांचे जुने दगडसुद्धा एकेक करून उचलून आणले. मी मदतीला हात लावला तर म्हणाला, राहू दे, मी ठेवलेत, मी उचलतो. त्या वेळी तो रडला. जीपच्या मागच्या फळीला डोकं टेकून, मोठ्यानं, लहान पोरासारखा रडला. मी पाठीवर हात ठेवला तर तो हात त्यानं झटकला नाही, एवढंच मला पुरलं.

त्यानं वरच्या ऑफिसला सगळं लिहून कळवलं, माझा तक्ता जोडून. पत्र मीच टाइप केलं. चारही केंद्रांच्या प्रमुख बाई आठवड्याभरात गाडी घेऊन आल्या. बाई कामाच्या, फालतू बोलत नसत. आमच्या मोठ्या खोलीत टेबलाभोवती बसवलं: दादा, आमचे साहेब, दोन्ही ड्रायव्हर, मी चहाचे कप सरकवत. बाईंनी बाकीच्या तीन केंद्रांना दगड उचलायला पत्र मिळालं त्याच दिवशी सांगितलं होतं. गेल्या हंगामात त्या तिन्ही केंद्रांची मिळून पंधरा घरटी गेली होती. आमची सहा. मग त्यांनी तक्ता पुढं ओढला आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. छापताना तारीख तिथं कॉम्प्युटर आपोआप टाकतो. मला ते ठाऊक होतं आणि तरीही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "हा कागद गेल्या वर्षीच्या थंडीतला आहे. म्हणजे गेल्या हंगामाच्या आधी हे कोणाला तरी माहीत होतं."

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं.

दादा म्हणाला, "मला माहीत होतं. तक्ता मीच हिला करायला सांगितला होता. वाचला, आणि दाबून ठेवला. माझं नाव होतं त्या पुस्तकावर, धीर झाला नाही."

उघडलेलं तोंड मी मिटलं. नोकरी जाईल, राहायची खोली जाईल, या वयात कुठं जाऊ, हे सगळं त्या एवढ्याशा वेळात माझ्या डोक्यातून फिरून गेलं, आणि भावाची अब्रू माझ्या डोळ्यांदेखत गेली ती मी जाऊ दिली. बाईंनी फाइल मिटली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

खोलीवर आल्यावर मी त्याचे पाय धरले. त्यानं मला उठवलं. तारीख कधी पाहिलीस, मी विचारलं. पहिल्याच दिवशी, तो म्हणाला. म्हणजे अंडी मांडताना, झुडपाआड बसताना, माझ्या हातचं जेवताना, सगळा वेळ त्याला ठाऊक होतं आणि त्यानं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मग मीच म्हटलं की आता तरी मला चार शिव्या घाल.

"तू माझ्यासाठी केलंस, हे मला कळतं," तो म्हणाला. "पण मी तुला विचारलं होतं गं. सहाव्या वेळी विचारलं होतं."

याच्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

त्याला मोजणीवरून काढलं. निवृत्तीला आठ महिने होते, ते त्यानं सामानाच्या खोलीत काढले, पाण्याचे पाइप आणि टायर लिहून ठेवत. पक्ष्यांच्या भागात पाऊल टाकायला मनाई. पुस्तकाच्या प्रती सगळीकडून परत मागवल्या. वहिनीच्या साड्यांतली प्रत तेवढी त्यानं दिली नाही. वीस वर्षं ज्या पोरांना त्यानं पावलं वाचायला शिकवलं त्यांनी नमस्कार करायचं सोडलं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना जे सांगितलं होतं ते ऐकून मीही सोडला असता. एकदा जेवणाच्या वेळी एक ड्रायव्हर माझ्यादेखत म्हणाला, नावासाठी लोक काय काय करतात. मी ताट घेऊन उठले आणि खोलीत जाऊन जेवले. पोट भरून जेवले, हेही लिहिते, कारण लाजेनं भूक मरते वगैरे काही खरं नसतं.

दगड नसलेल्या पहिल्या हंगामात पाच घरटी सापडली आणि दोनांत पिल्लं निघाली. ही बातमी मी धावत सामानाच्या खोलीत जाऊन सांगितली. त्यानं टायर खाली ठेवला, चालायला लागलीत का विचारलं, हो म्हटल्यावर मान हलवली आणि पुन्हा लिहायला बसला. आधीचा हंगाम आणि हा, दोन्ही मिळून एवढीच पिल्लं. अडतीसाचे एकतीस झालेत आणि त्यातल्या निम्म्या माद्या म्हाताऱ्या आहेत. केंद्रातली नवी पोरगी म्हणते की आकडा आता सावरायला पंधरा वर्षं लागतील, सावरला तर. दादानं हेच गणित आधीच करून ठेवलं होतं, टायरांच्या वहीच्या मागच्या पानावर.

निवृत्तीनंतर दीड वर्षात त्याच्या छातीनं दगा दिला. आयुष्यभर वाळू ओढली होती आत. दवाखान्याच्या खाटेवर तो उशा लावून बसवलेला असायचा, आडवं झालं की श्वास लागायचा. एका दुपारी मी त्याला सांगितलं की मी बाईंना पत्र लिहिणार आहे, सगळ्या केंद्रांना लिहिणार आहे, तक्ता कोणी केला आणि कोणी दाबला ते. नोकरी गेली खड्ड्यात. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल.

त्यानं मान हलवली. थांबून थांबून म्हणाला, "लिही. पण मी असेतो नको."

का, म्हणून मी भांडले. अगदी तशाही अवस्थेत भांडले, माझी जातच ती.

"लिहिलंस की लोक येतील," तो म्हणाला. "हात धरून म्हणतील, मास्तर, तुम्ही चांगले. दगड माझेच होते चिमणे. मला ते ऐकवणार नाही."

चार दिवसांनी तो गेला. केंद्रातून कोणी आलं नाही.

काल मी चार पत्रं टाकली, बाईंना एक आणि त्या तीन केंद्रांना तीन. सोबत हे सगळं लिहून जोडलं. त्या हंगामाच्या आधी मला माहीत होतं, त्याला नव्हतं. एकवीस घरटी माझ्या खणात पडून मेली. आता त्याला काय चांगलं म्हणायचं ते खुशाल म्हणा. ऐकायला तो नाही.